डेलियाबाईचं घर, पिंगरीसाहेबांचा किल्ला

डेलियाबाईने सात वर्षांत तीन नवरे केले, आणि तिन्ही एकाच घरासाठी. यात लाजण्यासारखं काही आहे असं तिला कधी वाटलं नाही. फोर्ट पिंगरी या अमेरिकन फौजेच्या किल्ल्यातल्या अधिकाऱ्यांच्या बायका पडद्याआडून कुजबुजू लागल्या, की ती टबातली चादर पिळता पिळता त्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "नवरे काय, येतात नि जातात. डोक्यावरचं छप्पर गेलं की मग कळतं!"

घर म्हणाल तर एका खोलीचं. पण ते तिच्या पहिल्या नवऱ्याने, सार्जंट मॅकगार्व्हीने, स्वतःच्या हाताने बांधलेलं. गवताळ मातीच्या ढेपा कापून हातभर जाड भिंती, दगडी धुराडं, आणि मिसूरी नदीत फुटलेल्या एका आगबोटीतून काढून आणलेलं दार. दाराला पितळी मूठ होती, खिडकीला खरी काच होती. अधिकाऱ्यांची पाच घरं सरकारने ओल्या लाकडाच्या फळ्यांची बांधली होती. फळ्या वाळल्या, आक्रसल्या, आणि मग कॅप्टनच्या बायकोला शेजारी आज कुठला रस्सा शिजतोय ते भिंतीतूनच दिसायला लागलं. डकोटाचा वारा त्या घरांतून असा आरपार जायचा, की आत बसलेला माणूस टोपी बांधून जेवायचा. डेलियाबाईच्या घरात मात्र जानेवारीतसुद्धा पाव फुगायचा.

पण फौजेचा कायदा असा, की धोबीण नवऱ्याच्या कंपनीची, म्हणजे त्याच्या तुकडीची. कंपनीची बदली झाली की धोबिणीने टब उचलायचा आणि मागोमाग चालू लागायचं. मॅकगार्व्ही तापाने गेला आणि त्याच महिन्यात कंपनीला टेक्ससला जायचा हुकूम आला. डेलियाबाई रडली, भरपूर रडली, मग तोंड धुऊन नव्या कंपनीच्या स्वागताला धक्क्यावर जाऊन उभी राहिली. उतरणाऱ्या शिपायांतून तिने एक निवडला. तो दोन वर्षांनी बर्फावरून नदी ओलांडताना बर्फासकट गेला. पुन्हा बदली, पुन्हा धक्का. या वेळी तिने निवडला गॉटलीब क्राप्फ, जर्मन कॉर्पोरल, भटारखान्यातला पाववाला. तिने त्याला तीनच प्रश्न विचारले.

"पितोस?"

"कॉफी," गॉटलीब म्हणाला.

"पळून जायचा विचार?"

"पळून जाऊन जाणार कुठे? चारी बाजूंनी माळच आहे."

"नदी ओलांडतोस?"

"पोहता येत नाही मला."

"मग ठरलं," डेलियाबाई म्हणाली. गॉटलीब मनातून नेहमी ओळखून असे, की आपलं लग्न एका धुराड्याशी झालंय. पण तो बिचारा शांत माणूस. पीठ मळावं, पाव काढावा, बायको कडाडली की "असू दे गं" म्हणावं.

तर आता त्या पिंगरीसाहेबांबद्दल. किल्ल्यांना नावं द्यायची फौजेची एक रीत आहे: लढाईत पडलेल्या अधिकाऱ्याचं नाव द्यायचं. जिवंत माणसाचं देत नाहीत, कारण जिवंत माणूस उद्या काय करून बसेल याचा नेम नाही. हा तळ पडला तेव्हा त्याला नावच नव्हतं. वॉशिंग्टनहून पत्र आलं, की एखाद्या शूर मृत अधिकाऱ्याचं नाव ताबडतोब कळवा. आता शूर मृत अधिकारी आणायचा कुठून? पहिल्या तीन महिन्यांत तळावर मेलं होतं कोण, तर दोन खेचरं आणि लेफ्टनंट एल्ब्रिज पिंगरी. खेचरांचं नाव देता येईना. तेव्हाच्या कमांडरसाहेबांनी अहवाल लिहिला: 'नदीकाठच्या कड्यावर शत्रूवर चाल करून जात असता वीरगती प्राप्त.' नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! त्या दिवशी शत्रू म्हणून कोण, तर तिथल्या लकोटा जमातीच्या दोन बायका; त्या नदीकाठी जंगली आलुबुखार तोडत होत्या. बाकी माळावर चिटपाखरू नव्हतं.

खरं काय घडलं ते पाहणारी माणसं एकेक करून बदलीवर गेली. तळाला धरून राहिली ती एकटी डेलियाबाई. म्हणजे किल्ल्याचा सगळा इतिहास तिच्या टबात होता म्हणा ना. आणि ती तो उगाळत नसे. एक तर त्या पोराचं तिला फार वाईट वाटायचं, आणि दुसरं म्हणजे चूक थोडी तिचीही होती.

सप्टेंबर अखेरीस आगबोटीची शिटी वाजली आणि धक्क्यावर एक किडकिडीत, काळ्या कपड्यांतली म्हातारी उतरली. हातात छत्री, कापडी पिशवी. ती ताठ मानेने म्हणाली, "मी मिसेस पिंगरी. व्हरमाँटहून आले. माझ्या मुलाचा किल्ला बघायला."

मेजर ऑर्विस तेव्हा किल्ल्याचे मुख्य होते. गोल पोट, पांढऱ्या मिशा, आणि रिवाजाच्या बाबतीत अगदी कडवे. किल्ल्याच्या नावाची आई आली म्हणजे आता तिला ठेवायचं कुठे? मेजरसाहेबांनी छाती पुढे काढून आपलं घर तिला दिलं. वा! मोठ्या मनाचा माणूस! पण मेजर राहणार कुठे? इथे फौजेची दुसरी रीत आली: वरच्या हुद्द्याच्या माणसाला खालच्याचं कुठलंही घर रिकामं करून घेता येतं. बळी तो कान पिळी. मेजरनी कॅप्टनला बाहेर काढलं. कॅप्टनने आपल्या बायकोच्या पियानोसकट मोठ्या लेफ्टनंटला बाहेर काढलं. मोठ्या लेफ्टनंटने धाकट्याला काढलं. धाकट्याची बायको सात महिन्यांची पोटुशी. ती दारात बसून म्हणाली, मी हलणार नाही. मग तिला खुर्चीसकट उचलून डॉक्टर लूमिसच्या घरात नेऊन ठेवली. दिवसभर त्या रांगेत खाटा, कपाटं, पिंप, मुलं, कुत्री एक एक घर खाली सरकत होती. दोन कुटुंबांनी एका घरात चार दिवस काढावेत असं कुणी सुचवलंही नाही. तसं सुचवणं म्हणजे हुद्द्याचा अपमान.

राहिले डॉक्टर लूमिस. कंत्राटी डॉक्टर, म्हणजे फौजेत धड अधिकारी नाही आणि धड शिपाईही नाही. पन्नाशीचा जाडा माणूस, त्याला साप गोळा करून दारूच्या बरण्यांत घालायचा नाद.

"दवाखान्यात झोपा की," मेजर म्हणाले.

"दवाखान्यात?" डॉक्टर दचकले. "अहो, तिथे माणसं मरतात!"

मग डॉक्टरांनी आजूबाजूला पाहिलं, आणि त्यांची नजर पितळी मुठीवर पडली.

डेलियाबाई टबापाशीच होती. डॉक्टर सापाच्या तेवीस बरण्या हातगाडीवर घालून येताना दिसले तेव्हा तिने हात पुसले आणि दारात आडवी उभी राहिली.

"हे काय डॉक्टर? मला औषध द्यायला आलात?"

"डेलिया, तुला समजून घ्यायला हवं. जमीन सरकारची. जमिनीवरचं घर सरकारचं. आणि माझा हुद्दा—"

"कुठला हुद्दा? दाखवा!"

"तुझ्यापेक्षा वरचा आहे एवढं खरं," डॉक्टर खजील होऊन म्हणाले. मागून मेजरसाहेब आलेच होते. त्यांनी मान डोलावली. झालं! हुद्द्यापुढे शहाणपण चालत नाही.

डेलियाबाईने घरातलं सामान अंगणात काढलं. गॉटलीब खाट धरून उभा, तिचा चेहरा बघत. डेलियाबाई खुराड्यासमोर जाऊन, कमरेवर हात ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी कोंबड्यांना म्हणाली, "चला गं बायांनो, उठा! माझ्या खाली आता तुम्हीच उरलात. रिवाजाप्रमाणे खुराडं रिकामं करा!" शिपाई पोट धरधरून हसले. मेजर हसले नाहीत. त्यांनी तिला बाजूला बोलावलं.

"चार दिवसांचा प्रश्न आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "चार दिवसांनी बोट परत येईल, बाई जातील, सगळे आपापल्या घरी. आणि दुसरं. कड्यावरची ती गोष्ट. ती मला आधीच्या कमांडरांकडून कळली. इथे आणखी फक्त तुलाच माहीत आहे."

"आहे ना. माझ्या डोळ्यांदेखत झाली."

"ती आई आहे. मुलगा वीर होता असं समजून एवढ्या लांबून आली आहे. तुझ्या तोंडून एक शब्द निघाला, तर धोबिणींच्या यादीतून तुझं नाव खोडीन. मग घरच काय, या तळावर उभी राहायलाही तुला जागा नाही. समजलं?"

"समजलं साहेब," डेलियाबाई म्हणाली. "तोंडात साबण धरते."

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी नदीकाठाने घोड्यावरून दमून आलेला एक माणूस निरोप घेऊन आला: नदी आटली, बोट साठ मैलांवर वाळूत रुतली, आता एप्रिलशिवाय बोट नाही.

एप्रिल! ऑक्टोबर उजाडायचा होता, आणि मध्ये अख्खा डकोटाचा हिवाळा. मिसेस पिंगरींना सहा महिने ठेवून घेणं आलं. आता तरी लोक जवळजवळ राहतील असं वाटलं असेल तर विसरा. जो तो आपल्या हुद्द्याच्या घरात घट्ट बसला. रांगेतली सगळ्यात खालची वीट तेवढी उघड्यावर: एक जुना तंबू, त्यात धोबीण, पाववाला, आणि पाठीमागे सात कोंबड्या.

पहिला बर्फ पडला तेव्हा तंबूचं कापड पहाटे पत्र्यासारखं वाजायला लागलं. धुतलेले शर्ट दोरीवर ताठ उभे राहायचे, जणू आत शिपाई आहेत. डेलियाबाईचे हात फुटले. गॉटलीब भटारखान्यातल्या तापल्या विटा फडक्यात गुंडाळून आणायचा आणि तिच्या पायाशी ठेवायचा.

"भटारखान्यातच झोपू या," तो म्हणाला.

"आणि डॉक्टर मग म्हणतील, बघा, हिला घराची गरजच नव्हती! मी इथून हलणार नाही, गॉटलीब. माझं दार मला इथून दिसतं."

"दार दिसून काय उपयोग?"

"तू गप्प बस. डिसेंबरात या तंबूत मेले तर चौथ्या नवऱ्याची भानगड तरी नाही."

गॉटलीब पीठ मळायला निघून गेला. पण त्या दिवशी पाव जरा करपले, असं सगळी कंपनी म्हणाली.

इकडे मिसेस पिंगरींचं निराळंच. मेजरांच्या फटीफटीच्या घरात ती शाल लपेटून बसायची. दर रविवारी मेजर तिला कड्यावर नेऊन तलवारीने दाखवत, "बाईसाहेब, इथून त्यांनी चाल केली. तिथे शत्रू होता. बाणांचा पाऊस पडत होता." दर रविवारी बाणांची संख्या वाढायची. म्हातारी ऐकून घ्यायची आणि परतताना तिचा चेहरा आणखी पांढरा झालेला असायचा. अधिकाऱ्यांच्या बायका म्हणायच्या, अभिमानाने भरून येतं हो त्यांना.

नोव्हेंबरात एका दुपारी मिसेस पिंगरी स्वतःच आपले कपडे घेऊन टबापाशी आली. मोलकरणीच्या हाती पाठवायची तिला सवय नव्हती.

"इथे सगळ्यात जुनी तूच ना?" तिने विचारलं.

"कपडे सोडले तर मीच, बाईसाहेब."

"माझ्या एल्ब्रिजचे कपडे कोण धूत होतं?"

डेलियाबाईने साबण आपटला. "मीच."

म्हातारी उलट्या बादलीवर बसली. "किती बाण लागले होते त्याला?" ती म्हणाली. "मेजर कधी सात म्हणतात, कधी अकरा. मला आकडा हवाय. सात वर्षं मी रोज डोळे मिटले की तो मला दिसतो, बाई. बाण लागलेला. मला हाका मारतो. वेळ किती लागला असेल? तास? दोन तास? तू धुतलास का त्याचा शेवटचा शर्ट? त्यावर किती भोकं होती?"

 डेलियाबाईने एकदा आपल्या दाराकडे पाहिलं, पितळी मूठ उन्हात चकाकत होती. मेजरांचे शब्द तिला आठवले. बोललं तर तळावरून हकालपट्टी, म्हणजे या थंडीत गॉटलीब इथे आणि आपण बर्फात. न बोललं तर ही म्हातारी मरेपर्यंत भोकं मोजत बसणार. मेजर याला दया म्हणतात? कसली डोंबलाची दया!

"एकही नव्हतं," ती म्हणाली.

"काय?"

"भोक हो. एकही नव्हतं. शर्ट अख्खा होता. ऐका बाईसाहेब, आणि मध्ये बोलू नका, नाहीतर माझी हिंमत जायची. त्या दिवशी असला वारा सुटला होता! दोरीवर सबंध कंपनीचे कपडे. आणि मी आळशी, एकेका कपड्याला एकच चिमटा लावला होता. पिंगरीसाहेबांची लाल लोकरीची विजार सुटली आणि उडाली. मी ओरडले, 'साहेब, तुमची विजार चालली!' तोंडाला साबण लावलेला, दाढी अर्धी झालेली, तसेच बाहेर आले आणि धावत सुटले. विजार पुढे, साहेब मागे. सगळी कंपनी टाळ्या वाजवतेय. विजार जरा खाली बसायची, साहेबांनी हात घातला की परत उडायची. आणि ते हसत होते हो! खदाखदा! कड्यापर्यंत हसत गेले. तिथे काठाची माती कच्ची होती. ढासळली."

म्हातारीने छत्री मांडीवर आडवी घेतली.

"मान मोडली. तेव्हाचे डॉक्टर म्हणाले, खाली पोचायच्या आधीच सगळं संपलं होतं. हाका मारल्या नाहीत, काही नाही. खाली दोन लकोटा बायका फळं तोडत होत्या, त्यांनी आपली घोंगडी साहेबांच्या अंगावर घातली आणि आम्ही उतरेपर्यंत शेजारी बसून राहिल्या. नंतर अहवालात खून त्यांच्याच लोकांच्या नावावर! आणि ती विजार तिसऱ्या दिवशी त्या बायकांनीच आणून दिली. घडी घालून. अजून माझ्या पेटीत आहे."

"तो धावला कशाला?" म्हातारीने विचारलं. "एका विजारीसाठी?"

इथे डेलियाबाई अडखळली. पण अर्धं सत्य म्हणजे अर्धी धुतलेली चादर, तिला ते जमत नसे. "ओरडत होते, बाईसाहेब. 'आईने विणलीय ती!' म्हणून."

मग ती हात पुसून तडक आपल्या घरापाशी गेली आणि न ठोठावता आत शिरली. सामान काढताना माळ्यावरच राहिलेली पत्र्याची पेटी उघडली तर रिकामी. डॉक्टर लूमिस शेगडीपाशी पाय शेकत होते.

"पेटीतली लाल विजार कुठाय?"

"ती होय? तो मोठा साप गारठत होता," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे बरणी. काच तडकू नये म्हणून गुंडाळली."

"मेलेल्या सापाला थंडी वाजते, आणि मला तंबूत वाजत नाही, नाही का!" डेलियाबाईने बरणीवरून विजार सोलून काढली. साप गोल गोल फिरला.

मिसेस पिंगरीने विजार मांडीवर पसरली. कंबरेशी लाल धाग्याने नाव होतं. तिने दोन्ही पाय एकमेकांवर ठेवून बोटांनी मोजले.

"डावा पाय आखूड झाला होता," ती म्हणाली. "त्याला गाडी गाठायची होती, मी घाई केली. त्याने पत्र लिहिलं होतं, 'आई, तुझ्या विजारीत मी एका बाजूला कलून कवायत करतो.'" आणि ती हसली. आधी नाकातून हसली, मग तोंड उघडून हसली. "अर्धी दाढी! साबणासकट!" हसता हसता ती जी रडायला लागली, ती डेलियाबाईच्या ओल्या फडक्यात तोंड खुपसून, लहान पोरीसारखी. डेलियाबाईही रडली. दोरीवरचे शर्ट तिकडे ताठ उभे होते.

बऱ्याच वेळाने म्हातारीने नाक पुसलं आणि तंबूकडे बोट केलं. "इथे कोण राहतं?"

"मी."

"या थंडीत? आणि ते घर कुणाचं?"

"माझं. म्हणजे सरकारचं. म्हणजे सध्या सापांचं." मग डेलियाबाईने तिला रिवाज सांगितला: मेजर, कॅप्टन, पियानो, खुर्चीतली पोटुशी बाई, बरण्या, कोंबड्या. म्हातारीचा चेहरा हळूहळू लाल होत गेला.

"म्हणजे मी एक उतरले आणि एवढ्यांची घरं गेली? आणि कुणी मला सांगितलंसुद्धा नाही?"

ती छत्री घेऊन उठली. मेजर ऑर्विस कचेरीत होते. डेलियाबाई मागे मागे गेली, कारण नाव खोडायचंच असेल तर तोंडावर खोडू देत, असं तिने ठरवलं होतं.

"मेजर," मिसेस पिंगरी म्हणाली, "मी सगळं ऐकलंय. विजारीसकट."

मेजरांचा चेहरा पडला. "डेलिया! तुझं नाव मी—"

"तिच्या नावाला हात लावाल तर मी व्हरमाँटच्या पेपरात लिहीन, की हा किल्ला एका लोकरी विजारीवर उभा आहे. माझी हरकत नाही. माझी विजार आहे ती. तुमची आहे का हरकत?"

मेजर बसले. वॉशिंग्टन, पेपर, विजार हे तिन्ही एकदम त्यांच्या डोळ्यांपुढून गेले असावेत. "आपली इच्छा काय आहे, बाईसाहेब?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

"दोन इच्छा आहेत. तुमचं घर तुम्हाला परत. तिथे माझ्या अंथरुणात बर्फ पडतो. मी या बाईच्या घरी राहणार, तिची पाहुणी म्हणून. आणि दुसरं, एक कागद हवाय. ही जिवंत आहे तोवर, नवरा असो वा नसो, कंपनी कुठलीही असो, त्या घरातून हिला कुणी काढायचं नाही. खाली तुमची सही."

"रिवाजात असं बसत नाही."

"मग रिवाज जरा सैल करा. आमच्या एल्ब्रिजची विजार तरी कुठे बसत होती?"

मेजरांनी सही केली. आणि मग काय, सगळी रांग उलटी सरकली. मेजर आपल्या घरी, कॅप्टन आपल्या, पियानो परत बर्फातून ओढला, धाकट्याच्या बायकोला पुन्हा खुर्चीसकट उचलली. आता तर ती नऊ महिन्यांची होती, पण या वेळी तिने जाताना हात हलवला. डॉक्टर तेवीस बरण्या घेऊन निघाले. शेवटी कोंबड्या तंबूमागून निघून आपल्या जुन्या, वाऱ्याआडच्या कोपऱ्यात गेल्या. "हं, तुमचा हुद्दा तुम्हाला मिळाला," डेलियाबाई त्यांना म्हणाली.

तो हिवाळा दोघी बायकांनी शेगडीशी काढला. गॉटलीब भटारखान्यात झोपायचा आणि सकाळी गरम पाव घेऊन यायचा. म्हातारीने डाव्या पायाचं विणकाम उसवलं आणि पुन्हा विणलं, सावकाश, टाके मोजून. मेजरांनी कड्यावर बसवायच्या दगडासाठी मजकूर मागितला तेव्हा तिने एका ओळीत लिहून दिला: 'एल्ब्रिज पिंगरी. धावत गेला, हसत गेला.' मेजरांना भरून आलं. "काय शब्द आहेत!" ते म्हणाले. "यातून सगळं कळतं!" अजूनही तपासणीला येणारा प्रत्येक साहेब तो दगड वाचतो, टोपी काढतो आणि म्हणतो, असे मर्द आता नाहीत.

एप्रिलात पहिल्या बोटीने मिसेस पिंगरी गेली. धक्क्यावर तिने गॉटलीबच्या हातात पुडकं दिलं. "घाल," ती म्हणाली. "कपडा पेटीत ठेवायला नसतो. दोन्ही पाय आता सारखे आहेत."

बोट वळणाआड गेली. दोघं घरी आले. कागद भिंतीवर खिळ्याला टांगला होता, मेजरांच्या सहीसकट. गॉटलीबने तो शब्दाशब्दाला थांबत वाचला. 'नवरा असो वा नसो.' मग तो दारातच उभा राहिला, पितळी मुठीवर हात ठेवून.

"म्हणजे घरासाठी आता नवरा लागत नाही तुला," तो म्हणाला.

"नाही लागत."

"मग मी... भटारखान्यातच राहू का? जागा आहे तिथे."

डेलियाबाईने त्याच्याकडे पाहिलं. सात वर्षांत पहिल्यांदाच ती नवऱ्याकडे पाहत होती, मागच्या भिंतीकडे नाही. केसांत पीठ, डोळे खाली. तापल्या विटा आणून आणून बोटं भाजलेली.

"गॉटलीब, तू गाढव आहेस," ती म्हणाली. "आत ये आणि दार लाव, ऊब जातेय. आणि ते पुडकं इकडे दे. सापाचा वास जाईपर्यंत तू ती विजार घालायची नाहीस."

तिने विजार त्याच दिवशी धुतली आणि बाहेर दोरीवर टाकली. वारा होताच. तिने एका कमरेला सहा चिमटे लावले, आणि तरीसुद्धा ती वाळेपर्यंत गॉटलीबला घराबाहेर पडू दिलं नाही.